घाटावरचा धाकटा नावाडी

डेकाटेभाऊंना खुर्चीत बसून वाचता येत नसे. आपण लिहीत असलो की ते मागे येऊन उभे राहायचे आणि स्क्रीनवरचे संवाद अर्ध्या आवाजात म्हणायचे. राजाचे, राक्षसाचे, पाणी भरणाऱ्या म्हातारीचे, सगळ्यांचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मानेमागून असा राक्षस बोलला तेव्हा मी दचकून वळले. ते म्हणाले, "माह्याकडं काहून पाहते वं? तू लिही. तोंडात बसते का नाई, तेवढंच पाहून राहिलो."

ही सवय झाडीपट्टीतली. तिकडच्या नाटकांत वीसेक वर्षं ते पडद्यामागून प्रॉम्प्टिंग करत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, शहरात हुडकेश्वरला घर झालं, आणि कोणाच्या तरी ओळखीने ते रामदासपेठेतल्या आमच्या गेम कंपनीत मराठी संवाद तपासायला आले. आमचा खेळ ऑनलाइन. जादू, तलवारी, किल्ले. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच राज्यात हिंडतात. दर दोन महिन्यांनी गुरुवारी सकाळी नवा अपडेट येतो आणि राज्याची गोष्ट पुढे सरकते. कोण मरणार, कुठलं गाव जळणार, हे ठरवणारे आम्ही तिघं: मी, समीर आणि डेकाटेभाऊ. वर्षभरात ते कथाप्रमुखही झाले. खेळता मात्र त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. त्यांचा योद्धा भिंतीला डोकं लावून चालत राहायचा.

माणसं मारायला त्यांची हरकत नसायची. एकदा मी भलत्याच उत्साहात अख्खं गाव कापून काढलं. ते पुटपुटत वाचत होते, मध्येच थांबले.

"मार ना. तुले कोण रोखून राहिलं? पण या कुंभाराच्या मागं मडके कोण घडवन?"

"भाऊ, राक्षस आलाय. मडक्यांचं काय घेऊन बसलात?"

"राक्षस जाईन ना वं निघून. मंग लोकं पाणी कायच्यात भरतीन?"

एकदा भर प्रयोगात राजा तापाने पडला, तेव्हा हे हातातली वही टाकून, होते त्या धोतरावर राजा म्हणून उभे राहिले होते. ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की समीर ओठ हलवून सोबत म्हणायचा. "माणूस पडते. जागा रिकामी नाई ठेवत." शेवटी त्यांनी आमच्या अपडेटच्या तक्त्यात एक रकानाच वाढवला: 'मागे काम कोणाकडे?' तो भरल्याशिवाय कोणाला मरता येत नसे.

मी तो एकदा टाळला. डेकाटेभाऊ लग्नाला गावी गेले होते. मी भिवा नावाड्याला लढाईत मारलं, रकान्यात 'नंतर ठरवू' असं लिहिलं आणि फाइल पुढे पाठवली. काळनदीच्या पलीकडच्या किल्ल्यातून परतायला भिवाचा डोंगा सोडून दुसरी वाटच नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गुरुवारी दुपारपर्यंत शेकडो खेळाडू पलीकडच्या काठावर अडकले आणि आम्हाला शिव्या घालू लागले. डेकाटेभाऊ स्टेशनवरून थेट ऑफिसात आले, बॅग टेबलाखाली सरकवली आणि खेळात पात्रं उतरवणाऱ्या समीरला म्हणाले, "मले एक माणूस दे अन् एक डोंगा दे."

मग एका बोटाने टाइप करत बसले: "मी सोमा. भिवाचा लहाना भाऊ. रडून झालं असन तं बसा डोंग्यात."

डोंगा एकाच बटणावर सरळ चालायचा; संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्यांना अलीकडे आणलं. प्रत्येकाशी बोलले. कोणाला तलवार पाण्यात बुडवू नको म्हणाले, कोणाला जेवलास का गा म्हणून विचारलं. लोक अलीकडे उतरून, आणखी एक फेरी मिळावी म्हणून पुन्हा पलीकडे जाऊ लागले. सोमा खेळात कायमचा राहिला. एरवी तो ठरलेल्या चार ओळी बोलायचा, पण दर गुरुवारी सकाळी तासभर डेकाटेभाऊ स्वतः घाटावर बसायचे. मला ते रागावले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "हा 'नंतर ठरवू' कोण हाय वं? त्याले बोलाव उद्या. डोंगा हाकलन."

या उन्हाळ्यात एका सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळचा चहा घेता घेता गेले. आम्ही हुडकेश्वरला पोचलो तेव्हा अंगणात मंडप घालत होते. मला काही वाटलं नाही. कूलरची नळी गळत होती, ती मी कोणाला तरी सांगून बंद करवली. दहनघाटावर उभी राहिले, परत ऑफिसात आले आणि एका लोहाराचे संवाद सुधारले. आता रडू येईल, मग येईल, अशी वाट पाहत होते. समीर रडला. मी त्याला पाणी आणून दिलं.

आठवड्याने कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. नव्या अपडेटमध्ये काळनदीवर दगडी पूल बांधायचा होता. "सोमाला काढून टाका. तसंही आता त्याला चालवणार कोण?" मी बरं म्हणाले. तक्त्यात सोमाच्या नावापुढे 'गाव सोडून जातो' लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात 'पूल'. नियम पाळला गेला होता. लिहिताना हात थांबला नाही, याचंच नंतर नवल वाटलं.

गुरुवारी अपडेट आला. पूल चांगला झाला होता, कोणी अडकलं नाही, एकही तक्रार नव्हती. पण सोमाची वेळ झाली तेव्हा समीरने मला स्क्रीनपाशी बोलावलं. पूल रिकामा होता. खाली जुन्या घाटावर चाळीस-पन्नास खेळाडू उभे होते. मागच्या गुरुवारी सोमा नुसत्या ठरलेल्या चार ओळी बोलला, तरी आज पुन्हा आले होते. डेकाटेभाऊ गेले हे त्यांना काय ठाऊक? एकजण दर मिनिटाला लिहीत होता, "सोमाभाऊ, आज उशीर?"

साहेबांना विचारायला हवं होतं. मी समीरला म्हटलं, "मला एक माणूस दे. आणि डोंगा दे."

त्याने दोन्ही दिले. मी टाइप केलं, पाठवण्याआधी तोंडात बसतंय का ते पाहायला अर्ध्या आवाजात म्हणून पाहिलं: "मी सोमाची पोर. बाप गेला. रडून झालं असन तं बसा डोंग्यात."

मग तो उशिराचं विचारणारा पुढे आला आणि डोंग्यात बसला. माझं अजून रडून झालेलं नव्हतं. सुरूच झालेलं नव्हतं. मी डोंगा हाकला.