जीभ वर!

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर बोलता बोलता तुमच्या आईने एकदम आवाज खाली आणला. मला वाटलं, कोणाचं तरी बरंवाईट झालं. निघालं एवढंच, की धाकटीला डॉक्टरांनी लक्ष लागण्यासाठी गोळी सुरू केली आहे. "कोणाला सांगू नकोस हं," असंही ती म्हणाली. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्हाला मात्र आमच्या नालवाडीतल्या एका शेजारणीविषयी सांगते. तिची मुलगीही अशीच गोळी घ्यायची.

"आ कर. जीभ वर. आता इकडचा गाल दाखव."

रोज सकाळी भिंतीपलीकडून हे ऐकू येई. लेकीची हनुवटी दोन बोटांत धरून ती तोंडाची अशी तपासणी करायची, की दाताच्या डॉक्टरने शिकावं. तिला कारणही होतं. सुरुवातीला पोरगी गोळी गालात दडवायची आणि ऑटो येण्याआधी तुळशीच्या कुंडीत थुंकून टाकायची.

"तुळस शांत झाली न काकू आमची," ती मला म्हणाली. "पोट्टी हाय तशीच हाय."

पोरगी होतीच तशी. कोथिंबीर आणायला गेली आणि कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. कोथिंबिरीचं विचारलं तर म्हणाली, "कोणती कोथिंबीर?" शाळेत तिची जागा वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त. सेवाग्रामला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. किराणा दुकानदार तिच्या आईला म्हणाला, "वहिनी, डीएड ठाऊक हाय. हे एडीएचडी कोणत्या कॉलेजात होते?"

तपासणीची सवय त्या आईच्या हातात इतकी भिनली, की ती कोणालाच सोडेना. तिचं पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर होतं. संक्रांतीला तिने मला तिळगूळ दिला, मी तो तोंडात टाकला, तर माझी हनुवटी धरून म्हणाली, "जीभ वर, काकू." मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, प्राचार्यांनाही कधी घाबरले नाही. पण जीभ वर केली.

गोळी नीट पोटात जाऊ लागली आणि पोरगी फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली. दुपारी तिला भूक लागत नसे. संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला, की ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन सकाळच्या पोळ्यासुद्धा संपवायची.

एकच अडचण होती, तिच्या हिंगणीच्या सासूबाई. त्या राहायला आल्या, की ही म्हणायची, "कॅल्शियमची गोळी हाय, आत्याबाई. हाडं मजबूत होते." खरं कळलं तर त्या गोळी बंद करतील आणि पोरीला गावी घेऊन जातील, ही तिला धास्ती. नवरा आईपुढे तोंड उघडणारा नव्हता.

एका रविवारी मी केसांना मेंदी लावून घेत पार्लरच्या खुर्चीत बसले होते. सासूबाई आतून पाण्याचा रिकामा पेला घेऊन आल्या. गाल किंचित फुगलेला.

"काऊन व, पोट्टीले भारी कॅल्शियम अन् मले सरकारी दवाखान्यातलं? माहे गुडघे का फुकटचे हाय? आज तिच्याच डबीतली घेतली म्या. पानी दे."

शेजारणीच्या हातातला ब्रश माझ्या मांडीवर पडला. सासूची हनुवटी धरून ती ओरडली, "आ करा! जीभ वर!"

सासूबाईंनी घाबरून आ केला. गोळी हातावर आली. त्यांनी गोळीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"कॅल्शियमसाठी कोनी एवढं धावते का?"

सून मग सगळं सांगून मोकळी झाली.

"मंग खोटं काऊन बोलली?"

"तुम्ही तिले पागल म्हणान म्हणून."

"म्हणतोच! अन् घेऊन जातो हिंगणीले. रानात फिरली का आपोआप ठिकाणावर येते. बंद कर ते गोळी."

तिचा चेहरा उतरला. एवढ्या मेहनतीने लेकीला वर्गात बसवलं होतं, ते एका वाक्यात जायची वेळ आली होती. तेवढ्यात दाराला लोंबकळत असलेली पोरगी म्हणाली, "आजी, गोळी नाई घेतली तं मले वर्गात नुसता पंखा ऐकू येते. घेतली तं बाई ऐकू येते."

 रोज जीभ तपासली, पण हे विचारायचं आईला सुचलं नव्हतं.

सासूबाईंनी नातीला जवळ बोलावलं. "मंग काय सांगते बाई?"

"काही खास नाई."

आधी सासूबाई हसल्या, मग आम्ही. "तरी घेत जाजो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आपन ऐकून तं घ्यावं."

त्या गडबडीत माझी मेंदी तशीच राहिली आणि माझे केस संत्र्याच्या रंगाचे झाले. तुमच्याकडे असलेला तो फोटो त्याच आठवड्यातला आहे.

हिंगणीला परत जाताना सासूबाईंनी अख्ख्या बसला सांगितलं, की नातीला लक्षाची गोळी आहे. मग लपवायला काही उरलंच नाही. पुढे गल्लीतली एक बाई भुवया करायला आली आणि कुजबुजली, "ते डॉक्टर कुठं बसते व?"

"मोठ्यानं बोल न. चोरी केली का?" असं म्हणून ही तिला तिच्या मुलासकट त्याच पावली सेवाग्रामला घेऊन गेली. खुर्चीत दुसरी एक बाई एकच भुवई झालेल्या अवस्थेत बसून होती. तिला मी चहा करून दिला.

शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते अमरावतीला गेले. पार्लरच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. भिंतीपलीकडे सकाळी आता रेडिओ लागतो.

आमच्या गल्लीतली दोन मुलं अजून त्याच डॉक्टरांकडे जातात. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर त्यांच्या आया सरळ सांगतात.