काकांनी बदललेला पत्ता

तुमच्या वडिलांनी कधी काळी एका पत्रकाखाली केलेली सही आज तुमची नोकरी अडवू शकते, असं कुणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? मी ठेवला नसता. वसंतकाकांनी ठेवला...

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पन्हाळ्यावर होते. खाली पोचेपर्यंत लोक तिरडी उचलायच्या बेतात होते. नीट रडताही आलं नाही, कारण त्याच आठवड्यात आमच्या जुन्या पत्रकांची साइट उघडेनाशी झाली.

काका भूगोलाचे मास्तर. नदीत मळी सोडणाऱ्या एका कारखान्याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षं पत्रकं काढली. मी ती वाटतच मोठी झाले. निनावी पत्रक काढायचं नाही, हा त्यांचा कायदा. मजकुराखाली प्रत्येकाची सही, पूर्ण नाव आणि गाव. निवृत्तीनंतर त्यांनी पानन् पान स्कॅन करून मंगळवार पेठेतल्या घरी एका स्टोरेज सर्व्हरवर ठेवलं. फडताळातला काळा डबा, सतत बारीक घुरघुरणारा. कंपन्यांच्या क्लाउडवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ‘‘डबा आपला, डोमेनबी आपलं. कुणाचं भाडेकरू व्हायचं न्हाय,’’ म्हणायचे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ज्या पत्त्याला जोडलेलं असेल तिथे वाचक पोचतो, आणि तो पत्ता घालायची सेटिंग एकट्या काकांच्या हातात होती. निदान आम्ही तसं समजत होतो.

संशय गेला संजयदादावर. तो पत्रकं काढणाऱ्या आमच्या गटातून फुटून त्याच कारखान्याची कंत्राटं घेऊ लागला होता, आणि डबा बसवताना काकांच्या शेजारी तोच होता. मी त्याच्या दारात जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मला एवढं येत असतं तर तुमच्यात फुकट राबलो असतो व्हय?’’ मला ते आजही पुरतं पटलेलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर काकींना भेटायला गेले. फोन त्यांच्या वायफायला लागला होता. सहज साइट टाइप केली... आणि ती उघडली. काकींकडून पासवर्ड घेऊन सेटिंग पाहिली. जगाला दिसणारा पत्ता काढून तिथे फक्त घरातल्या घरात चालणारा पत्ता घातलेला होता. त्या भिंतींबाहेर साइट कुणालाच सापडणार नव्हती.

‘‘त्यांनीच केलंय ते, पोरी,’’ काकी म्हणाल्या. ‘‘दवाखान्यात जायच्या आधी.’’

मग हळूहळू कळलं. शिरोळकडची एक मुलगी कारखान्यात मुलाखतीला गेली होती. साहेबानं तिच्यापुढे मोबाइल धरला. त्यावर आमचं पत्रक, खाली तिच्या वडिलांची सही. नोकरी हुकली. ती रडत काकांकडे आली. स्कॅन केलेली पानं नाव टाकून शोधता येत नाहीत, एकेक उघडून बघावी लागतात. मग एवढ्या ढिगातून साहेबाला नेमकं तेच पान कसं मिळालं?

आम्हाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, ‘‘तुमच्यातल्याच कुणीतरी दावलं, असं वाटत हुतं की त्यांना.’’

म्हणजे संशय माझ्यावरही होता. राग आला, अजून आहे. निनावी लिहू नका म्हणणारा माणूस शेवटी साऱ्यांच्या सह्यांवर एकट्यानं पांघरूण घालून गेला. तरीही तो पत्ता पुन्हा बदलायला माझा हात धजत नाही.

सह्या तुमच्या आहेत, ठरवायचंही तुम्हीच. त्या पत्रकांवर तुमची किंवा घरातल्या कुणाची सही असेल तर एखाद्या रविवारी काकींकडे या. तिथे बसून आपलं पान बघा. उघडं ठेवायचं की झाकायचं, ते काकींना समोरासमोर सांगा. आमच्या वतीनं कुणी फोनवर संमती मागितली तर देऊ नका. फोन माझा असला, तरीही.