स्टुलावर ठेवलेलं दान

आंबिवलीच्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत एक पद्धत होती. ती आता कुठेच दिसत नाही, आणि मला तिची इतकी आठवण येते की कधी कधी माझाच मला राग येतो. एवढं काय त्यात, असं कुणी म्हटलं तर मात्र त्याचाही येतो.

रविवारच्या दानातून मंडळीसाठी जे काही घेतलं जायचं, ते पुढच्या रविवारी उपासनेत समोर ठेवायचं. पाळकसाहेबांच्या टेबलाशेजारी एक लाकडी स्टूल असायचं, त्यावर. ट्यूबलाइट घेतली की ट्यूबलाइट. चटया घेतल्या की चटया. पेटीचा भाता बदलला तर पेटी. खजिनदार काका उठून म्हणायचे, "हे तुमच्या दानातून आलं," आणि खाली बसायचे. उपासना संपली की सगळे पुढे जाऊन वस्तूला हात लावून बघत. बायका चटई उलटीसुलटी करायच्या, भाव विचारायच्या आणि कल्याणच्या बाजारात हीच स्वस्त मिळाली असती म्हणून काकांना फैलावर घ्यायच्या. काका निमूटपणे ऐकून घ्यायचे.

एकदा मागच्या अंगणातला संडास दुरुस्त करायचा होता. काकांनी खरोखरच नवंकोरं भांडं आणून स्टुलावर ठेवलं. पाळकसाहेबांनी त्याच्याशेजारी उभं राहून अख्खा उपदेश दिला, विषय होता पवित्र जीवन. आम्ही मुलं तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. पप्पा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले आणि डोळे पुसत परत आले.

कुणाला मदत दिलेली असली तर मात्र स्टुलावर नुसता एक पांढरा रुमाल असे, घडी घातलेला. कुणाला दिली, हे विचारायचं नाही. आंबिवलीसारख्या लहान ठिकाणी कुणाच्या घरी काय अडलंय हे सगळ्यांना माहीत असायचंच. तरी त्या दिवशी लोक रुमालाला हात लावून मुकाट्याने घरी जात, आणि भावाची चौकशी कुणीही करत नसे.

पप्पा तिथल्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर आम्ही डोंबिवलीला आलो आणि इथल्या मोठ्या मंडळीत जाऊ लागलो. इथे सगळं छान होतं. गार हवेचा हॉल, गाण्याचे शब्द भिंतीवरच्या पडद्यावर, दारात क्यूआर कोड. पैसे द्यायला सतरा वाटा, आणि ते पुढे कुठे गेले हे कळायला एकही नाही. पण लोक प्रेमळ होते. सलाम करायचे, आईला हात धरून पायऱ्या चढवायचे. म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं हा काही माझा स्वभाव नाही.

मग पप्पा गेले. दफनविधीच्या वेळी आई रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच चहा विचारत होती. काही आठवड्यांनी तिने आपल्या पाटल्या कल्याणच्या सोनाराकडे मोडल्या, ते पैसे चर्चच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे आभाराच्या दानाच्या, पाकिटात घातले आणि पाकिटावर पप्पांचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "आई, निदान कशासाठी वापरायचे ते तरी सांग त्यांना." ती म्हणाली, "आपण कशाला सांगायचं? त्यांना जे लागेल ते घेतील. आपल्याला दिसेलच की."

दिसेलच! तिच्या मनात आंबिवलीच होती. इथे कुणी काही समोर ठेवत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण इतकं मोठं दान, ते सुद्धा गेलेल्या माणसाच्या नावाचं, त्यातून आलेलं काहीतरी आपल्याला दाखवतील, असं ती धरून चालली होती. दर रविवारी ती लवकर तयार व्हायची. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिची नजर फिरायची. नवीन काही दिसलं नाही की म्हणायची, "अजून घेतलं नसेल."

एका रविवारी उपदेशासाठी नवं लाकडी पोडियम आलेलं दिसलं. सुरेख पॉलिश, पुढच्या बाजूला कोरलेला क्रूस. आईने माझा हात घट्ट धरला. त्या दिवशी ती गाणी मोठ्याने म्हणाली. संपल्यावर पुढे गेली आणि पोडियमच्या कडेवरून हात फिरवत राहिली, पप्पांच्या सदऱ्यावरून इस्त्रीनंतर फिरवायची तसा. मग दर रविवारी तेच. घरी येताना म्हणायची, "किती शोभतं गं. त्यांना लाकडाची आवडच होती."

मला बरं वाटत होतं. खरंच सांगते, कित्येक दिवसांनी घरात बरं वाटत होतं.

मग एके दिवशी त्या पोडियमवर स्टीलची पाटी लागली. दुसऱ्याच एका कुटुंबाने आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ ते दिलं होतं. आईने पाटी वाचली. हात लगेच मागे घेतला, परक्याच्या घरात काहीतरी उचलताना कुणी पाहिल्यासारखा.

मी तणतणत इथल्या खजिनदारांकडे गेले, आईला बरोबर घेऊन. बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण त्यांनी शांतपणे लॅपटॉप उघडला आणि सगळं दाखवलं. पाकीट मिळाल्याची नोंद होती. रक्कम सर्वसाधारण निधीत जमा झाली होती, आणि त्या महिन्यात त्या निधीतून विजेचं बिल, हॉलची साफसफाई, शीळफाट्याकडे मुलांना शिबिराला नेणाऱ्या बसचं भाडं असे खर्च झाले होते. "ताई, ऑडिट झालेलं आहे. कधीही येऊन बघा," ते म्हणाले. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता. चोरी असती तर निदान ओरडता तरी आलं असतं.

आईने सगळं नीट ऐकलं. "म्हणजे यातलं ह्यांच्या पैशाचं नेमकं कुठलं, ते सांगता येणार नाही," ती म्हणाली. खजिनदार थोडे ओशाळले. म्हणाले, "तसं वेगळं काढता नाही येत, मावशी. सगळं एकत्र होतं ना." आईने मान हलवली, त्यांचे आभार मानले, सलाम केला.

परतताना रिक्षात मी बडबडत होते. पुढच्या वार्षिक सभेत उभी राहते, दर महिन्याचा खर्च दारावर लावायला लावते, वगैरे. पुलाजवळच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आई रडतेय. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच, तीही भर रस्त्यात, पदर तोंडाला न लावता.

"त्यांचा हिशोब बरोबरच असणार गं," ती म्हणाली. "मला हिशोब कुठे हवा होता? एकदा हात लावायचा होता फक्त."