मागं कुणी नाही

"मूठ कुणी दावली, तेवढं सांग वायनो. बाकी मला काय बी नगं."

सेन्याआक्का शेगडीकडे तोंड करून वेलदोड्याचा पाव कापत होती. सुरी पावातून खाली लाकडावर जात होती तरी तिचं दाबणं थांबत नव्हतं. तिचा नवरा ओन्नी जाऊन सहा आठवडे झाले होते. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून पेटी अजून दफनभूमीच्या कोठीत होती. मे महिन्यात माती ढिली होईल तेव्हा खड्डा. तोवर ना पुरलेला, ना घरातला.

तिचा धाकटा भाऊ वायनो केटोला टेबलाशी बसला होता. समोरची कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती.

वायनो म्हणजे त्या गावच्या बर्फगाड्यांच्या, म्हणजे बर्फावर पळायच्या फटफट्यांच्या, क्लबाचं शेपूट. सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथं बर्फ छपराला टेकतो, तिथं त्यानं तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ ढकलायची सरकारी गाडी हाकली. बायको नाही, पोरं नाहीत. शनिवारी बहिणीकडं सौनाच्या वाफेत घाम काढायचा, रविवारी क्लबाच्या टोळीबरोबर रानवाटेनं जायचं आणि सगळ्यांच्या मागं राहायचं. सव्वीस हिवाळे मागं राहिला. कुणाची गाडी फसली, कुणाचा पट्टा तुटला, कुणी झाडाआड मुतायला उतरला, की वायनो थांबायचा. "वायनो वऱ्हाडाच्या बी मागं ऱ्हायला, म्हनून नवरी दुसऱ्यानं न्हेली," असं ओन्नी दर हिवाळ्यात एकदा म्हणायचाच, आणि त्यावर पहिला वायनोच हसायचा.

रानातली वाट अरुंद. समोरून दुसरी टोळी आली की प्रत्येकानं डावा हात उचलायचा आणि आपल्या मागं किती गाड्या आहेत ते बोटांवर दाखवायचं. चार, तीन, दोन, एक. शेवटचा मूठ दाखवतो. मूठ दिसली की वाट मोकळी, मागं कुणी नाही. तिथली माणसं एकवेळ देवावर शंका घेतील, मुठीवर घेत नाहीत.

त्या रविवारी सकाळी नाकातले केस गोठावेत असली थंडी होती. नऊ गाड्या निघाल्या. दुपारी सरोवराकडून बर्फाचा पडदा आला, आणि तो सरतो न सरतो तोच पाऊस. जानेवारीत पाऊस! आभाळाचं डोकंच फिरलेलं. पडेल तो थेंब हेल्मेटच्या काचेवर गोठायचा. वायनो अंगठ्यानं काच पुसायचा, पुन्हा गोठायची. बोटं कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी झाली होती. त्यात ओन्नीच्या गाडीचा पट्टा घसरत होता. दोनदा दोघं थांबले, बाकीचे सात पुढं निघून गेले. तिसऱ्यांदा ओन्नीच म्हणाला, "तू हो म्होरं. म्या येतुया रमत-गमत. म्हाताऱ्याला किती राखत बसशील?"

शेपटानं कुणाला मागं टाकायचं नसतं. पण चार मैलांवर शेकायची खोपी होती, तिथं चूल पेटलेली असणार होती, आणि वायनो पुढं झाला.

अर्ध्या मैलावर समोरून टोळी आली. खालच्या शहरातले सहा जण. बोटं दिसत गेली, मूठ दिसली. इकडून वायनोचा हात वर गेला, आणि त्याची मूठ झाली. हात खाली येऊन दांडीवर टेकला तेव्हा त्याला उमगलं की एक बोट दाखवायचं होतं. तोवर ते सहाही जण वळणाआड गेलेले.

अरुंद वाटेवर त्याला गाडी लवकर फिरवता येईना. फिरवून पोचला तेव्हा दोन गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या आणि ओन्नी एका झाडाच्या बुडाशी आडवा होता. त्या सहांतला एक तरणा गडी हेल्मेट काढून गुडघ्यावर बसला होता. एकच वाक्य घोकत होता, "मूठ दावली हुती की."

शेरीफच्या पोलिसानं लिहून घेतलं की पाऊस होता, काचा गोठलेल्या, दिसलं नसेल. क्लबवाले म्हणाले, पोरानं दुसऱ्या कुणाचा हात बघितला असेल. वायनोनं मान हलवली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

काल तो गडी पाच तास गाडी हाकून आक्काकडं आला होता. आता वायनो बसला होता त्याच खुर्चीत बसला, रडला, आणि मुठीचं सांगून गेला.

"म्या दावली," वायनो म्हणाला.

"ह्ये मागं हायती, ह्ये तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग?"

"हात गेला आक्का. सवयीनं गेला."

आक्कानं सुरी खाली ठेवली. ती अंगावर येईल, हाणेल, असं वायनोला वाटलं. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

"येक बोट, वायनो. येक बोट जड झालं तुला?"

आक्कानं फडताळातून एक चिठोरं काढून त्याच्यापुढं सरकवलं. त्यावर त्या गड्याचा पत्ता होता.

"त्येला लिव. आजच. त्येला वाटतंय आपल्याला भास झाला, आपनच मारलं. रातच्याला झोपत न्हाय तो." मग ती पुन्हा शेगडीकडं वळली. "आन शनवारी येऊ नगंस. म्या सौना पेटवनार न्हाय."

"कवाच न्हाय?"

तिनं पाव फडक्यात बांधून ठेवला. दर खेपेला एक तुकडा त्याच्या हातात द्यायची, तो आज दिला नाही.

वायनोनं टपालघरात उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली. मूठ मी दाखवली, तुला भास झाला नाही, चूक माझी. खाली सही. पेटीत टाकली. छाती हलकी-बिलकी काही झाली नाही.

वाट सपाट करायचं क्लबाचं यंत्र आज त्याच्याकडं होतं. आठवडाभर वितळून कालच्या गारठ्यानं वाट पुन्हा काचेसारखी झाली होती, आणि उद्यापासून गाड्यांची गर्दी होणार होती. तो चढला. मागचं पातं बर्फ खरवडत निघालं. त्या वळणाच्या अलीकडं समोरून चार जण आले. तीन बोटं. दोन. एक. मूठ.

वायनोनं यंत्र कडेला घेऊन बंद केलं. मूठवाला जाऊन त्याच्या गाडीचा आवाज विरला, तरी तो वळणाकडं बघत बसला. कुणी आलं नाही. तरीही बसला. काचेवर वाफ धरली, ती त्यानं बाहीनं पुसली.

मग त्यानं इंजिन चालू केलं, पातं खाली टाकलं आणि वळण खरवडायला घेतलं.