नानांचे सहा सोनाटे, मुक्काम हमरापूर

रेकॉर्डिंगच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात, कारण या कामात रेकॉर्डिंग थोडं आणि वाट बघणं जास्त. पंखा थांबायची वाट, कुत्रं गप्प व्हायची वाट, शेजारच्या काकूंचा मिक्सर बंद व्हायची वाट. पेणमध्ये मी वीस वर्षं भजनी मंडळं, आरत्या आणि एका पुढाऱ्याचं भाषण (तीनदा, कारण त्यांना स्वतःचा आवाज पटेना) रेकॉर्ड करत आलो. पण नानांच्या सोनाट्यांनी दिले तेवढे किस्से बाकी सगळ्यांनी मिळून दिले नाहीत.

नाना रोह्याचे. केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी. तिथल्या एका गोवेकर साहेबांकडून ते पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन आणि नोटेशन शिकले आणि शिफ्ट सांभाळून तीस वर्षांत एकट्या व्हायोलिनसाठी सहा सोनाटे लिहिले. सोनाटा म्हणजे तीन-चार भागांची लांब रचना. सोबत तबला नाही, पेटी नाही, कोणी नाही. ऐंशी पार झाल्यावर त्यांचा डावा कान पूर्ण गेला आणि उजवाही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा त्यांची जुनी विद्यार्थिनी शुभदा माझ्याकडे आली. पेणला ती व्हायोलिनचे क्लास घेते. म्हणाली, "सहाही मी वाजवते, तुम्ही रेकॉर्ड करा. नानांना ऐकू येतंय तोवर."

*

नानांचा सोनाटा लोकांसमोर एकदाच वाजला होता, कंपनीच्या गॅदरिंगमध्ये. हे नानांनी मला स्वतः सांगितलं, अगदी गंभीरपणे.

पहिला सोनाटा त्यांनी अठरा मिनिटं वाजवला. हॉल शांत. नाना मनात म्हणाले, वा, लोक ऐकतायत. शेवटचा सूर संपला, त्यांनी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली घेतला. टाळी नाही. तेवढ्यात निवेदक माइकवर आला आणि प्रेमाने म्हणाला, "वाद्य लागलं असेल तर सुरू करूया का, नाना?"

नानांनी मग एक भावगीत वाजवलं. त्याला वन्समोअर मिळाला.

*

रेकॉर्डिंगला शांत जागा हवी होती. शेवटी पेणजवळच्या हमरापूरच्या अंकुशदादांनी त्यांची गणपतीच्या मूर्तींची शेड दिली. भाद्रपद उरकलेला, कामगार सुट्टीवर, शेडमध्ये फक्त न विकलेल्या साठ-सत्तर मूर्ती. पहिल्या दिवशी चाचणी घेतली तर आवाज असा सुंदर आला की शुभदाने लागोपाठ दोनदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर शेड रिकामी. आम्हाला ऐसपैस बसता यावं म्हणून अंकुशदादांनी सगळे गणपती रातोरात घरात हलवले होते. वाजवून बघितलं तर विहिरीत वाजवल्यासारखं घुमायला लागलं. त्या साठ-सत्तर मूर्तीच घुमारा शोषून घेत होत्या! मी हे अंकुशदादांना कसंबसं समजावलं. त्यांनी जराही नवल केलं नाही. एवढंच विचारलं, "मोठे लागतील का बारके?"

सगळे परत आले. पण माघी गणपतीची गिऱ्हाइकं यायला लागली होती. एका गृहस्थांनी एक मूर्ती पसंत केली, तर शुभदा धावत गेली आणि हात जोडून म्हणाली, "डावीकडून तिसरा आम्हाला शनिवारपर्यंत लागेल." गृहस्थांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग गणपतीकडे, आणि शनिवारी संध्याकाळी येतो म्हणाले.

*

शेडपासून रेल्वेलाइन जवळ. गाडीचा हॉर्न आला की अख्खा टेक फुकट. माझा मेव्हणा रोह्याच्या बाजूच्या निडी स्टेशनाजवळ राहतो. त्याला सांगून ठेवलं की रोह्याहून येणारी गाडी निडीहून सुटली की मेसेज टाक, म्हणजे आम्हाला अंदाज येईल.

तिसऱ्या सोनाट्याचा संथ भाग चालला होता. शुभदा इतकं छान वाजवत होती की मी श्वास रोखून बसलो होतो. आणि माझा फोन वाजला. मेव्हण्याचा मेसेजवर विश्वास नाही. मी बाहेर जाऊन फोन घेतला. तो म्हणाला, "गाडी अजून आली नाय. तुमी वाजवा निवांत."

*

श्वासावरून आठवलं. शुभदा प्रत्येक ओळीआधी नाकाने जोरात श्वास घ्यायची आणि तो रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट यायचा. मी माइक पुढे केला, मागे केला, वर टांगला. उपयोग शून्य.

माघीच्या कामापुरत्या सुट्टीवरून आलेल्या वनिताताई कोपऱ्यात बसलेल्या असत. त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. साऱ्या हमरापुरात त्यांच्या हाताला मान आहे. डोळ्याची रेघ ओढताना श्वास घ्यायचा नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम, कारण हात तेवढ्यानेही हलतो. त्या शुभदाला म्हणाल्या, "आदी घेऊन ठेवायचा गो. रेघ चालू असताना नाय घ्यायचा."

शुभदाने ते मनावर घेतलं. पुढचा टेक अगदी स्वच्छ आला. श्वासाचा मागमूस नाही. शेवटचा सूर संपल्यावर ती डोळे मिटून शेजारच्या प्लास्टरच्या गोणींवर सावकाश बसली आणि उठेचना. पाणी मारलं तेव्हा उठली, पाठीमागून पांढरीफट्ट.

वनिताताईंनी ब्रश खाली ठेवला. "मदी सोडायचा असतो गो," त्या म्हणाल्या. "एक डोला झाला की."

*

चौथ्या सोनाट्याला एक बारीक शिट्टी येऊ लागली. मधेच यायची, मधेच जायची. मी ट्यूबलाइट बंद केल्या, चार्जर काढले, वायरी बदलल्या. शुभदाने नवी तार चढवली. दोन दिवस गेले. शिट्टी जाईना.

मग माझ्या लक्षात आलं, आणि शुभदाच्याही. नाना रोज समोर बसत आणि उजव्या कानातल्या ऐकायच्या मशीनवर हात धरून नीट ऐकायचा प्रयत्न करत, तेव्हा ते मशीन शिट्टी मारत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्यांना ऐकता यावं म्हणून सगळा खटाटोप, त्यांनाच ऐकू नका म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? मला तर रडू यायचं बाकी होतं.

वनिताताईंनी सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांदेखत. "नाना, तुमचा कान वाजतंय."

नानांनी मशीन काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली. "चालेल," ते म्हणाले. "मला पाठ आहेत."

*

आता शेवटचा दिवस. सहाव्या सोनाट्याचा शेवटचा भाग, तेवढाच राहिलेला.

या भागावरून गुरू-शिष्येत जुनं भांडण होतं. नानांनी तो फार संथ लिहिलाय, आणि शुभदाला वाटे इतका संथ वाजवला तर बो पुरत नाही आणि ऐकणाराही टिकत नाही. रोह्याला त्यांच्या घरी तिने तो अनेकदा वाजवून दाखवला होता. दर वेळी नाना एकच म्हणत, "घाई झाली." याही वेळी तिने तिच्याच लयीत घ्यायचं ठरवलं होतं.

नाना समोर खुर्चीत, मशीन खिशात, मांडीवर त्यांच्या हातचं नोटेशन, बोटांत पेन्सिल. सुरुवातीला शुभदाने बो उचललेला त्यांनी पाहिला आणि मान खाली घातली, ती परत वर केली नाही. ते पेन्सिल खाली ठेवतील तेव्हाच टेक संपला, असं ठरलं होतं.

शुभदाने वाजवलं. एकही चूक नाही, गाडी नाही, कुत्रं नाही. शेवटचा लांब सूर विरला. तिने बो तारेवरून उचलला.

नानांनी पान उलटलं.

अजून दोन पानं होती त्यांची. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर तारा दाबत होती, सावकाश. मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला, तर शुभदाने डोळ्यांनीच नाही म्हटलं. ती व्हायोलिन खांद्यावर तसंच धरून उभी राहिली. वनिताताईंचा ब्रश हवेत थांबला होता. अंकुशदादा दारात होते, त्यांनी चपला काढल्या. एके ठिकाणी नाना किंचित हसले. मग शेवटचं पान उलटलं.

साडेतीन मिनिटं गेली. माझ्याकडे ती सगळी रेकॉर्ड आहेत.

नानांनी पेन्सिल खाली ठेवली आणि शुभदाकडे पाहिलं.

"आज घाई नाही केलीस," ते म्हणाले.

मग मी रेकॉर्डर बंद केला.