वेळेचा रकाना

दवाखान्याच्या नोंदणी खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे शंकाताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, गॅस बंद केला तरी जिन्यातून परत वर यायचं. नवऱ्याच्या शब्दावरही त्यांचा भरवसा नव्हता, मग परक्यांची काय कथा!

भरवसा होता तो फक्त कॉम्प्युटरमधल्या तक्त्यांवर. हव्या त्या ओळी निवडायच्या, नको ते रकाने गाळायचे, दोन तक्ते रुग्णाच्या नंबरावर जोडायचे, एकातून दुसरा वजा करायचा. माणसं थापा मारतात, वजाबाकी मारत नाही, असं त्या नव्या कारकुनांना शिकवत.

त्या महिन्यात वजाबाकीने चोर दाखवला. भांडारातून तीन नंबर वॉर्डात वेदनाशामक इंजेक्शनच्या एकतीस कुप्या गेल्या होत्या. रुग्णांना दिल्याच्या नोंदी निघाल्या सत्तावीस. चार वेगवेगळ्या दिवशी एकेक कुपी कमी, आणि चारही दिवशी ड्यूटी एकाच सिस्टरची.

ती सिस्टर शंकाताईंना आधीपासून खुपत होतीच. कामापुरतं बोलायची, मागच्या दाराने निघून जायची, आणि खांद्याला ही भलीमोठी पिशवी. एवढी पिशवी लागते कशाला माणसाला, असं त्या तिला ऐकू जाईल असं म्हणतही. शंकाताईंनी कागद छापून मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी सिस्टरला बजावलं, शुक्रवारी दुपारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरी गेली समजा.

सिस्टर नोंदणी खोलीत आली. "ताई, त्या चार दिवशी एकेका रुग्णाला दोन-दोनदा दिलंय हो. सकाळी एक, दुपारी एक. कळवळत होते बिचारे. मी वेळेसकट लिहिलंय सगळं."

"मग माझ्या तक्त्यात एकदाच कसं?"

"ते मी काय सांगणार? तक्ता तुमचा."

चोर तो चोर, वर शिरजोर! शंकाताईंनी मान फिरवली.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घरी नेहमीची उलटतपासणी सुरू केली. "रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का?"

"सकाळची, संध्याकाळची, दोन्ही घेतल्या," नवरा म्हणाला.

"कागदावर आजची एकच खूण आहे."

"अगं, तुझ्या कागदावर एका तारखेला एकच चौकोन. दुसरी खूण काय कपाळावर करू?"

शंकाताईंनी कागद उचलून तो एकुलता चौकोन पुन्हा पाहिला.

शुक्रवारी खोली उघडताच त्यांनी स्वतःचं काम तपासलं. तारीख, रुग्ण आणि औषध एवढेच रकाने त्यांनी ठेवले होते. वेळेचा रकाना अडगळ म्हणून गाळला होता. वेळ गेली की सकाळची ओळ आणि दुपारची ओळ अगदी सारखी, आणि सारख्या दोन ओळी आल्या की त्यांचा तक्ता त्या दुबार समजून एकच ठेवतो. हे त्यांनीच किती जणांना शिकवलं होतं! भांडाराच्या तक्त्यात प्रत्येक कुपीचा वेगळा नंबर होता, म्हणून तिथे काही गळलं नाही. त्यांनी वेळेचा रकाना परत घेतला. नोंदी एकतीस. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईंना स्वतःच्या हाताचा संशय एकदाही आला नव्हता. लाजेने त्यांचे कान तापले.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, सिस्टरची नाही." डॉक्टरांनी कागद फाडून टाकला. सिस्टरची नोकरी राहिली. शंकाताईंनी वॉर्डात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, तेव्हा ती "बरं" म्हणाली, बस.

त्या दिवसापासून सिस्टर मागच्या दाराने जात नाही. ड्यूटी संपली की नोंदणी खोलीत येते, शंकाताईंच्या टेबलावर पिशवी ठेवते आणि चेन उघडते. आत डबा, पाण्याची बाटली आणि अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी धोब्याकडून धुऊन आणलेल्या दोन चादरी.

"बघून घ्या, ताई."

"सिस्टर, नको ना आता," शंकाताई रोज म्हणतात. तीन महिने झाले. त्या आत बघेपर्यंत सिस्टर पिशवी उचलत नाही.