रिवर्कच्या वेल्डवरचा लाल ठिपका

आधीच सांगते, भूतखेत, करणी, नजर यातलं मी काही मानत नाही. असले अनुभव मी चहाबरोबर तोंडी लावायला वाचते आणि वाचता वाचता चुका काढत जाते... इथे साक्षीदार एकच, इथे माणूस आधीच घाबरलेला, इथे लाइट गेलेली. स्वभावच तसा झालाय, काय करणार! क्वालिटीत नोकरी आहे. आमच्या मीटिंगमध्ये "मला वाटतं" म्हणून सुरुवात करणाऱ्याला कुणी भीक घालत नाही. तरी आज मीच लिहायला बसलेय. ज्यांना चुका काढायच्यात त्यांनी खुशाल काढा, मी आधीच सगळ्या काढून बसलेय.

मी वर्षा. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारी एक कंपनी आहे, तिथे वेल्ड तपासते. राहायला मोशीत. सासर मूळचं तिथलंच, शेताच्या जागी आता सोसायट्या आहेत. नवरा नितीन, त्याचे दोन टेम्पो कंपन्यांना माल पोचवतात. घरात सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, आणि मुलगी ओवी. ओवी सिझरची. ही गोष्ट मागच्या वर्षीची, गणपती उठल्यानंतरची. तेव्हा ओवीला पाचवं लागलं होतं.

आता थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वेल्डला डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर ती शोधायला आम्ही आधी लाल रंगाचा स्प्रे मारतो. तो चिरेत मुरतो. मग वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरा स्प्रे मारायचा. आत चीर असेल तर मुरलेला लाल पांढऱ्यावर उमटतो, नसेल तर पांढरं ते पांढरंच. जो वेल्ड एकदा फेल होतो तो कापून, घासून पुन्हा भरतात. त्याला रिवर्क म्हणतात. रिवर्कचा प्रत्येक पार्ट माझ्याकडून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. एकदा कापून भरलेली जागा, तिथे जास्त लक्ष द्यायचं असतं.

त्याच सुमारास मला दिवस गेले होते. दुसऱ्यासाठी आम्ही बरीच वाट पाहिली होती. आशा जवळजवळ सोडलीच होती, तेवढ्यात घरातच टेस्ट पॉझिटिव्ह आली. जवळच्याच डॉक्टरांकडे पोटावरून सोनोग्राफी झाली. गर्भ आहे, ठोके आहेत, किंचित खालच्या बाजूला आहे पण काळजीचं काही नाही, महिन्याभराने या, असं त्या म्हणाल्या. ना दुखत होतं, ना डाग. आईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला बजावलं, "तीन महिनं हुईस्तवर कुनाला सांगायचं न्हाई. कंपनीत बी न्हाई." हा नियम आमच्याकडे सगळ्याच घरांत पाळतात. मीही पाळला.

आणि त्याच आठवड्यात तो ठिपका दिसला.

रिवर्कचा एक ब्रॅकेट होता. पांढरा स्प्रे मारला, वाळू दिला आणि भरलेल्या वेल्डच्या बरोबर मध्यावर लाल ठिपका उमटला. मुगाच्या डाळीएवढा. चीर असेल तर रेष येते, ठिपका म्हणजे आत बारीक पोकळी. मी रिजेक्टचा टॅग लावला आणि पुढचा घेतला. त्यालाही ठिपका. तिसऱ्यालाही, त्याच जागी. आता वेल्ड मारणाऱ्या रोबोटची काही गडबड असेल तर असं होऊ शकतं, म्हणून मी अख्खा लॉट थांबवला. शेजारच्या टेबलावर संध्या असते, लातूरकडची आहे. तिला बोलावलं. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं माय, सगळ्यांना एकाच जागी कसं काय की!"

म्हणजे ठिपका तिलाही दिसला. हे लक्षात ठेवा, कारण "मॅडम, रसायनाच्या वासाने भास झाला असेल" हे मला आजवर तीन इंजिनियरांनी ऐकवलंय.

सुपरवायझर गायकवाड सर आले, त्यांनाही दिसला. नियमाप्रमाणे एक ब्रॅकेट कापला. कापून, पॉलिश करून, ॲसिड लावून भिंगाखाली धरला. आतमध्ये काहीच नव्हतं. पोकळी नाही, चीर नाही, वेल्ड अगदी भरीव. सर म्हणाले, "वर्षा मॅडम, पुसणं कमी पडतंय तुमचं." मला राग आला. नवशिकी असते तर गोष्ट वेगळी, पण हे काम माझ्या हातात बसलंय. मी पुसायचं कापड बदललं, स्प्रेचे डबे बदलले, टेबल बदललं. ठिपका येतच राहिला. साध्या वेल्डवर कधीच नाही, फक्त रिवर्कच्या. पुढच्या आठवड्यात तो हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला होता.

मग सरांनी आमच्यातलं नेहमीचं केलं, ऑपरेटर बदलला. माझ्याच टेबलावर, माझ्याच डब्यांनी, तेच ब्रॅकेट धुऊन संध्याने तपासले. सगळे पांढरेशुभ्र. पुन्हा धुऊन माझ्या हाती दिले. सगळ्यांवर ठिपका. शेवटी मीटिंगमध्ये सर हसत म्हणाले, "पार्टला काही झालेलं नाही राव. आता तपासणाऱ्यालाच तपासा!" सगळे हसले. मीसुद्धा हसले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले आणि हसू गेलं. तपासणाऱ्याला तपासा. एकदा कापून भरलेली जागा. माझा हात आपोआप ओटीपोटावरच्या सिझरच्या टाक्यांवर गेला. हे काही डोक्याने झालं नाही, मी तेव्हा विचार करत होते तो ओवीच्या डब्याचा. पण हात गेला, आणि जो गेला तो तिथेच राहिला.

घरी आल्यावर मी सांगितलं, मला दुसरीकडे सोनोग्राफी करायची आहे. आईंनी भाजी निवडता निवडता मान वर केली. "का गं, काय व्हतंय का?"

"नाही. काही होत नाही."

"मग? चांगलं झाल्यावर कुनी परत परत बघत बसतं व्हय? नजर लागंल."

नितीनही म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना नॉर्मल आहे म्हणून. महिन्याभराने जायचंच आहे की."

ठिपक्याचं मी सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने पास केलं, त्याच्याकडूनच पुन्हा तपासून घ्यायचं नाही. दुसऱ्याने बघायचं. एवढं ऐका माझं."

"तू काय ब्रॅकेट हायस का!" आई म्हणाल्या, पण सकाळी त्यांनीच ओवीला शाळेत सोडायची तयारी केली.

आकुर्डीला एक डॉक्टर बाई आहेत, नितीन मला तिथे घेऊन गेला. मी त्यांना आधीच सांगितलं, पहिलं सिझर आहे, टाक्यांची जागा नीट बघा. त्यांनी आतून सोनोग्राफी केली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी दाखवलं. गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत नव्हताच. तो जुन्या सिझरच्या टाक्यांच्या खाचेत रुजला होता. पुढे लगेच लघवीची पिशवी, आणि मधली भिंत कागदासारखी पातळ. "सुरुवातीला पोटावरून बघताना हे सुटू शकतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता आलात म्हणून बरं. तुम्हाला काही त्रास होत होता का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग टाक्यांची जागा बघा असं का म्हणालात?"

मी ओढणी सारखी केली. नितीन माझ्याकडे बघत राहिला.

त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. गर्भ वाढेल तशी ती जागा फाटू शकते, मग रक्तस्राव इतका होतो की गर्भाशय काढावं लागतं, कधी तेवढ्यानेही भागत नाही. नेहमीसारखी पिशवी साफ करणंही इथे धोक्याचं, त्यानेच रक्त सुरू होऊ शकतं. मी विचारलं, पुढे नेता येणारच नाही का? त्या म्हणाल्या, "काही जणी नेतात. वार टाक्यांत आणि लघवीच्या पिशवीत घुसते, फार मोठ्या ऑपरेशनची तयारी ठेवावी लागते. तुमची भिंत बघता मी तो सल्ला देणार नाही. पण निर्णय तुमचा." ठोके चालू होते. मी ऐकवायला सांगितलं नव्हतं, पण मशीनवर ते ऐकू आले.

घरी आईंना आधी पटेना. "देवानं दिल्यालं आपन कसं काढायचं? वर सरकंल की त्ये." नितीन त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलत नाही, त्या दिवशी बोलला. "आई, ते सरकत नसतं. आणि हिला काही झालं तर ओवीला काय सांगू मी?" आई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने माझी बॅग त्यांनीच भरून आणली, आणि त्यात ओवीचा फोटोही ठेवला होता.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. आधी सोनोग्राफीत बघत बघत त्या गर्भाच्या पिशवीत इंजेक्शन दिलं. ठोके थांबले. काही दिवसांनी मशीनवर बघतच हळूहळू ते ओढून काढलं आणि रक्त दाबून धरायला आत फुगा ठेवला. रक्त बरंच गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. पण गर्भाशय राहिलं आणि मीही राहिले. नंतर रक्त तपासायला जात राहिले, गरोदरपणाच्या हार्मोनचा आकडा शून्यावर येईपर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडे दिवस उशीर झाला असता तर तुम्हाला ॲम्ब्युलन्समधून आणावं लागलं असतं.

बरी झाल्यावर कामावर गेले. पहिलाच पार्ट रिवर्कचा आला. संध्या आपलं काम सोडून शेजारी येऊन उभी राहिली. स्प्रे मारला, पुसला, पांढरा मारला, वाळेपर्यंत थांबलो. पांढरंच राहिलं. त्यानंतर आजपर्यंत तो ठिपका मला दिसलेला नाही. सरांनी कापलेल्या ब्रॅकेटच्या रिपोर्टवर काय कारण लिहिलं ते मी विचारलं नाही.

माझ्या बाजूने शक्य ते सगळं करून पाहिलं. हाताचा घाम, हार्मोन, साबण, हँडक्रीम, सगळे पर्याय एकेक करून खोडले. माझ्या हाताला काही लागलेलं असतं तर ते फक्त रिवर्कच्या वेल्डच्या मध्यावरच कसं आलं असतं? आणि वाढलं कसं असतं? ज्याला उत्तर सापडेल त्याने जरूर लिहावं, मी वाचेन आणि चुका काढेन.

आईंना मी हे सगळं सांगितलं ते फार उशिरा, एका दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना. त्या ऐकत राहिल्या, हातातला पापड वाळवणावर टाकायचाही राहिला. मग म्हणाल्या, "त्याला कळलं आसंल पोरी, आपल्याला हितं जागा न्हाई. जायच्या आधी आईला सांगून जावं म्हनलं आसंल."

हे मी मानत नाही. पुरावा नाही, साक्षीदार नाही, मीटिंगमध्ये कुणी म्हणालं असतं तर मी तिथल्या तिथे खोडून काढलं असतं. त्या दिवशी मात्र मी गच्चीच्या कठड्याला धरून रडले, आणि अजूनही ते आठवलं की रडू येतं. कारण ते खरं असेल, तर ज्याने मला वाचवलं त्यालाच काढून टाकायच्या कागदावर मी सही केली होती... आणि पुन्हा वेळ आली तर ओवीसाठी पुन्हा करेन.